गोव्यातील खाणबंदीचा अर्थशास्त्रीय अभ्यास: लेख, आकडे आणि कागदपत्रे कोठे व कशी शोधावीत

प्रश्न असा आहे. डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला ‘२०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीचा डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे तालुक्यांतील कुटुंबांच्या उत्पन्नावर व रोजगारावर झालेला परिणाम’ या विषयावर पीएच.डी. करायची आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाठ्यपुस्तकांपलीकडे फारसे काही नाही. आंतरजालावर शोधले की वर्तमानपत्रांतील बातम्याच समोर येतात, आणि जे लेख उपयोगी वाटतात ते पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. अशा वेळी सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

गोव्यातील अर्थशास्त्राच्या संशोधकांना संदर्भसेवा देण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘या विषयावर काय उपलब्ध आहे’ हा प्रश्न घेऊन शोधायला बसले, तर तुम्हाला आज जे सापडते आहे तेच सापडत राहील. त्याऐवजी प्रत्येक वेळी स्वतःला एक नेमका प्रश्न विचारावा: मला हवी असलेली माहिती कोणत्या कार्यालयाला किंवा संस्थेला स्वतःच्या कामासाठी गोळा करावीच लागली असेल? खनिजावरचे स्वामित्वधन (रॉयल्टी) वसूल करणाऱ्याला उत्पादनाची नोंद ठेवावी लागते, बंदराला जहाजात भरलेल्या मालाची ठेवावी लागते, बँकेला थकलेल्या कर्जाची ठेवावी लागते आणि मदत वाटणाऱ्या खात्याला लाभार्थ्यांची ठेवावी लागते. आकडा कोणाचा आणि तो कशासाठी घेतला हे कळले, की तो कोठे मिळेल आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, ही दोन्ही उत्तरे एकदमच मिळतात.

तुमच्या विषयात पहिले काम ग्रंथालयातले नाही, ते कागद-पेन्सिलीचे आहे. एका स्तंभात खाणबंदीच्या तारखा लिहा. राज्य सरकारने १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणकाम स्थगित केले, ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घालून मार्ग मोकळा केला, ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे (खनिज काढण्यासाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या. शेजारच्या स्तंभात देशातील मोठ्या सर्वेक्षणांचे कालावधी लिहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची रोजगारविषयक ६८ वी फेरी जुलै २०११ ते जून २०१२ या काळात झाली, म्हणजे पहिल्या बंदीच्या जेमतेम अडीच महिने आधी ती संपली. बंदीपूर्व स्थितीचे इतके जवळचे चित्र सहसा नशिबाने मिळते आणि ते तुम्हाला मिळाले आहे. जनगणना फेब्रुवारी २०११ ची आहे, म्हणजे तीही बंदीपूर्वीची. सहाव्या आर्थिक गणनेचे (उद्योग-व्यवसायांच्या देशव्यापी मोजणीचे) क्षेत्रकाम मात्र २०१३ मध्ये सुरू झाले, म्हणजे ते बंदी चालू असतानाचे आहे, तर पाचवी गणना २००५ ची. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, ज्याला सगळे ‘पीएलएफएस’ म्हणतात, जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले वर्ष पुरे होण्याआधीच दुसरी बंदी आली, त्यामुळे ते वर्ष सरळ ‘आधीचे’ किंवा ‘नंतरचे’ म्हणून घेता येणार नाही. त्यात मुलाखतीची तिमाही नोंदलेली असते, तिच्या आधारे ते वर्ष फोडावे लागेल. हे दोन स्तंभ समोर असले म्हणजे कोणता स्रोत कोणत्या प्रकरणासाठी वापरायचा याचा निर्णय बराचसा आपोआप होतो, आणि मार्गदर्शकांशी पहिली चर्चाही ठोस होते.

आता आकड्यांच्या स्रोतांकडे वळतो, कारण तुमच्या प्रबंधाचे खरे वजन तेथे आहे.

राज्याच्या पातळीवर पहिला पत्ता पर्वरीचा: नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय. राज्याचे आर्थिक सर्वेक्षण, सांख्यिकी पुस्तिका आणि राज्य उत्पन्नाचे अंदाज तेथून प्रसिद्ध होतात. अलीकडचे अंक संकेतस्थळावर असतात, परंतु जुन्या अंकांसाठी प्रत्यक्ष जाणे श्रेयस्कर. राज्य उत्पन्नात ‘खाणकाम व दगडखाणी’ हे वेगळे क्षेत्र दाखवलेले असते, त्यामुळे बंदीचा पहिला, ढोबळ ठसा तेथेच दिसतो. मात्र दोन खाचखळगे आधीच सांगून ठेवतो. पहिला आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून उत्पन्न मोजतात त्या वर्षाचा. २००४-०५ च्या आधारवर्षाची मालिका आणि २०११-१२ च्या आधारवर्षाची मालिका या दोन वेगळ्या मालिका आहेत, त्या एकाखाली एक चिकटवून आलेख काढला तर बंदीचा परिणाम आणि मोजण्याच्या पद्धतीतील बदल यांची सरमिसळ होते. आणि तुमच्या दुर्दैवाने आधारवर्षाचा सांधा आणि पहिली बंदी जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. दुसरा प्रश्न भूगोलाचा. ३० मे १९८७ पूर्वीचे बहुतेक आकडे ‘गोवा, दमण आणि दीव’ या संघप्रदेशाचे आहेत, आणि गोव्याचे वेगळे आकडे हवे असतील तर तक्त्यांच्या आतल्या पोटविभागांत शिरावे लागते. त्याहून तुमच्या विषयाला अधिक भिडणारी बाब म्हणजे २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत धारबांदोडा हा स्वतंत्र तालुका दिसत नाही. त्यातील बहुतेक गावे तेथे सांगे तालुक्यात मोजलेली आहेत. तुमच्या प्रश्नातही धारबांदोड्याचा उल्लेख नाही. खाणींच्या प्रदेशाचा मोठा भाग आज त्या तालुक्यात असल्यामुळे, अभ्यासक्षेत्राची व्याख्या तालुक्यांच्या नावांऐवजी गावांच्या यादीने करावी असे मी आग्रहाने सुचवीन. जनगणनेची जिल्हा पुस्तिका उत्तर व दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळी असून तिच्यात गावनिहाय यादी, लोकसंख्या आणि काम करणाऱ्यांची विभागणी मिळते. तीच तुमच्या नमुना निवडीचीही चौकट होऊ शकेल.

केंद्रीय सर्वेक्षणांची कुटुंबनिहाय मूळ माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या सूक्ष्म-आकडेवारीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनाशुल्क उतरवून घेता येते. बरेच विद्यार्थी छापील अहवालातील तक्त्यांवरच थांबतात. हे टाळावे, कारण तुम्हाला हवा असलेला छेद (उदाहरणार्थ, ग्रामीण उत्तर गोव्यातील खाणकाम आणि वाहतूक या दोन उद्योगांत काम करणारे पुरुष) कोणत्याही अहवालात तयार मिळणार नाही. परंतु तो छेद काढताच दुसरी अडचण उभी राहते. गोवा लहान राज्य, त्यामुळे नमुन्यातील कुटुंबेही थोडी. जिल्ह्यापर्यंत आलात की अंदाजाची प्रमाणत्रुटी (नमुना लहान असल्याने येणारी संभाव्य चूक) इतकी वाढते की निष्कर्ष डळमळीत होतो, आणि तालुक्याची ओळख तर त्या माहितीत नसतेच. म्हणून राष्ट्रीय सर्वेक्षणांतून तालुका पातळीचा निष्कर्ष काढण्याचा मोह धरू नका. त्यांचा उपयोग राज्याची पार्श्वभूमी सांगण्यासाठी करा, आणि आणखी एका कामासाठी करा, जे फार थोडे जण करतात. तुम्हाला स्वतःचे कुटुंब सर्वेक्षण करावेच लागणार आहे. त्यातील रोजगाराचे प्रश्न पीएलएफएसच्या प्रश्नावलीतून, त्यांच्याच व्याख्यांसह आणि शक्यतो त्यांच्याच क्रमाने घ्या. ‘नेहमीची मुख्य कामाची स्थिती’ (वर्षातील अधिक काळ माणूस काय करत होता) तुम्ही त्यांच्यासारखीच मोजली, तर तुमच्या नमुन्यातील कुटुंबांची तुलना साऱ्या राज्याशी करता येईल. स्वतःच्या शब्दांत प्रश्न बनवलेत, तर ती तुलना कायमची हातची जाईल.

गावपातळीवरील आधीच जुळवून ठेवलेली सामग्री हवी असेल तर ‘श्रग’ या नावाने ओळखला जाणारा खुला संच पाहा. डेव्हलपमेंट डेटा लॅबने तो तयार केला असून त्यात जनगणना, आर्थिक गणना आणि उपग्रहांनी टिपलेला रात्रीचा प्रकाश ही माहिती गावांच्या एकाच ओळख-क्रमांकाखाली जोडलेली आहे. गावांच्या बदलत्या सीमा आणि सांकेतिक क्रमांक जुळवण्यात संशोधकाचे महिनेच्या महिने जातात, ते श्रम येथे वाचतात. तरीही खाणींच्या प्रदेशातील पाचपंचवीस गावे जनगणनेच्या छापील यादीशी हाताने ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खनिजाच्या आकड्यांबाबत विशेष सावध राहावे लागते. नागपूरचा भारतीय खाण ब्युरो दरवर्षी खनिजांचे वार्षिक पुस्तक काढतो, पणजीत खाण व भूगर्भशास्त्र संचालनालय आहे, निर्यातदारांची संघटना स्वतःची आकडेवारी देते, मुरगाव बंदराचे वार्षिक प्रशासकीय अहवाल आहेत, आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात संकेतस्थळावर २६०१ या वर्गांकाखाली लोहखनिजाची निर्यात पाहता येते. या पाचही ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. ते जुळत नाहीत म्हणून कोणी खोटे बोलते आहे असा तर्क लगेच करू नये. उत्पादन, पाठवणी आणि निर्यात या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि एका वर्षी काढलेले खनिज पुढच्या वर्षी जहाजात चढू शकते. शिवाय मुरगावहून केवळ गोव्याचेच खनिज जात नसे, कर्नाटकातील होस्पेट-बळ्ळारी पट्ट्यातील खनिजही रेल्वेने येथे येऊन निर्यात होत असे. म्हणून बंदराचा आकडा गोव्याचे उत्पादन म्हणून वापरणे चूक ठरते. कोणता आकडा कोठून घेतला आणि त्यात कोणते खनिज मोजले आहे हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. ज्या फरकाचे स्पष्टीकरण करता येत नाही तो झाकू नका, तो मांडणे हाही संशोधनाचाच भाग आहे.

सरकारी तिजोरीवरील परिणामासाठी अर्थसंकल्पाचे खंड चाळण्यापेक्षा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वित्त लेखे घ्या. त्यांत खाणींपासूनचा महसूल ०८५३ या मुख्य शीर्षाखाली दरवर्षी एकाच जागी येतो आणि तो प्रत्यक्ष जमा झालेला आकडा असतो. अर्थसंकल्पीय अंदाज हा केवळ अंदाज असतो, हे अनेक प्रबंधांत विसरले गेलेले मी पाहिले आहे. राज्याराज्यांच्या तुलनेसाठी रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरील वार्षिक अभ्यास आणि राज्यांची सांख्यिकी पुस्तिका पुरेशी आहे. दोन्ही बँकेच्या संकेतस्थळावर तक्त्यांच्या रूपात मिळतात.

कुटुंबांच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित सामग्री विधानसभेच्या प्रश्नोत्तरांत आहे. बंदीनंतर ट्रकमालक, बार्जमालक, यंत्रमालक, कामगार आणि कर्जदार यांच्यासाठी मदतीच्या व कर्जसवलतीच्या योजना आल्या. त्या योजनांचे नियम शासकीय राजपत्रात आहेत, आणि किती जणांना किती मदत मिळाली, किती अर्ज फेटाळले, कोणत्या तालुक्यातून किती आले, हे खाणींच्या प्रदेशातील आमदारांनी वेळोवेळी विचारलेले आहे. तारांकित आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरे व त्यांना जोडलेली परिशिष्टे विधानसभेच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार लावलेली असतात. तेथील शोधयंत्रावर विसंबू नका. अधिवेशनाचे वर्ष आणि खाते घेऊन उत्तरे एकेक उघडून पाहावीत. काम किचकट आहे, परंतु ज्या गावाच्या ट्रकमालकांविषयी तुम्ही लिहिणार त्या गावाचे नाव या परिशिष्टांखेरीज दुसऱ्या छापील कागदात क्वचितच सापडेल. बँकांच्या थकलेल्या कर्जांसाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांची इतिवृत्ते याच पद्धतीने पाहा.

हे सारे करूनही उरलेली माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. गोव्याने केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, १९९७ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, त्यामुळे येथील कार्यालयांना ही पद्धत नवी नाही. तथापि अर्ज हा पहिला उपाय समजू नये. आधी मार्गदर्शकांचे पत्र घेऊन संबंधित खात्याच्या सांख्यिकी विभागात जावे, आपला विषय समजावून सांगावा आणि कोणती नोंदवही कोणत्या नमुन्यात ठेवली जाते हे विचारावे. ते कळले की अर्जात ‘खाणबंदीचा परिणाम कळवावा’ असे अभिप्राय मागणारे वाक्य राहात नाही, अमुक योजनेची अमुक वर्षांची तालुकानिहाय लाभार्थी यादी असे नेमके मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. तुमच्या वेळापत्रकात अपिलाचाही काळ धरून ठेवा.

आता इतरांच्या संशोधनाकडे येऊ. तुम्हाला बातम्याच सापडतात याचे कारण तुम्ही बातमीच्या शब्दांत शोधता आहात. अर्थतज्ज्ञ ‘गोवा खाणबंदी’ या शब्दांत लेखाचे शीर्षक देत नाहीत. त्यांच्या लेखी हा स्थानिक श्रमबाजाराला बसलेला धक्का आहे, नैसर्गिक साधनसंपत्तीवरील अवलंबित्व आहे, तेजी-मंदीचे चक्र आहे, ‘रिसोर्स कर्स’ (साधनसंपत्तीचा शाप) किंवा ‘डच डिसीज’ (एका साधनाच्या तेजीमुळे बाकीचे उद्योग मागे पडणे) आहे. या संज्ञांचे इंग्रजी रूप घेऊन शोधा. त्याहून नेमका उपाय म्हणजे जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचरची वर्गीकरण पद्धत, जिला ‘जेईएल संकेतांक’ म्हणतात. क्यू ३२ म्हणजे संपुष्टात येणारी साधने आणि आर्थिक विकास, क्यू ३३ म्हणजे साधनसंपत्तीची तेजी, एल ७२ म्हणजे खाण उद्योग, जे ६३ म्हणजे कामावरून कमी होणे. हे संकेतांक घेऊन ‘रेपेक’ या प्रकल्पाच्या ‘आयडियाज’ संकेतस्थळावर जा. १९९७ पासून जगभरातील स्वयंसेवक अर्थतज्ज्ञ व ग्रंथपाल तो चालवत आले आहेत, शोधण्यास पैसे पडत नाहीत, आणि प्रत्येक लेखाखाली त्याने कोणाचा आधार घेतला व पुढे त्याचा आधार कोणी घेतला हे दिसते. ही शेवटची सोय सर्वांत महत्त्वाची. एक चांगला लेख सापडला की त्याच्या मागच्या व पुढच्या साखळीने तुम्ही विषयाच्या गाभ्यात पोहोचता. तुमच्यासाठी सुरुवातीचा दुवा म्हणून पेरूतील यानाकोचा सोन्याच्या खाणीचा आसपासच्या कुटुंबांच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला यावरचा आरागोन आणि रुड यांचा २०१३ चा लेख घ्या. दुसरा, अमेरिकेच्या ॲपलाशियन कोळसापट्ट्यातील तेजी आणि मंदी यांवरचा ब्लॅक, मॅकिनिश आणि सँडर्स यांचा २००५ चा. त्यांची पद्धत समजली की गोव्यात काय मोजायचे हे उलगडते. खाण बंद झाल्यावर खाणीतल्या नोकऱ्या किती गेल्या एवढ्यावर ते थांबत नाहीत, खाणीवर पोसलेल्या दुकानदारीचे, बांधकामाचे आणि सेवांचे काय झाले हेही विचारतात. आपल्याकडे गॅरेज, टायरची दुकाने, खाणावळी आणि ट्रकचालकांना दिलेल्या भाड्याच्या खोल्या यांचा हिशेब अजून कोणीतरी नीट मांडायचा आहे.

गोव्याविषयी रोमन लिपीत शोधताना स्पेलिंगची काळजी घ्या. आपण डिचोली म्हणतो आणि सरकारी कागदांत ‘बिचोलिम’ असते, केपेचे ‘क्वेपेम’, सांगेचे ‘सांग्वेम’ आणि सत्तरीला कधी एक ‘टी’ तर कधी दोन. पोर्तुगीज वळणाची आणि मराठी-कोंकणी उच्चाराची अशी दोन्ही रूपे घालून शोधले नाही तर निम्मे साहित्य नजरेआड राहते.

भारतीय लेखनासाठी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ला पर्याय नाही. १९६६ पासूनचे तिचे अंक आणि त्याआधी १९४९ पासून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’चे अंक तिच्या संकेतस्थळावर आहेत, आणि गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या वर्षांतील आर्थिक प्रश्नांवरची टिपणेही त्यांत वाचायला मिळतात. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे कार्यनिबंध (लेख छापण्याआधीचे मसुदे) खुले आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय अर्थशास्त्रासाठी देशातील अत्यंत समृद्ध ग्रंथालयांपैकी एक असून तेथील जुनी पुस्तके व अहवाल मोठ्या संख्येने संगणकीय संग्रहात विनामूल्य ठेवलेले आहेत. पुण्याला जाण्याआधी तो संग्रह घरबसल्या पाहावा. मराठीतही काम झाले आहे, ते वगळू नका. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ आणि पुण्याच्याच इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीची ‘अर्थबोधपत्रिका’ यांतून परिभाषाही सापडते आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेवरचे लेखही.

पूर्वी झालेल्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे देशातील प्रबंध तेथे जमा होतात. गोवा विद्यापीठाचा स्वतःचा संगणकीय संग्रहही आहे. प्रबंध वाचताना निष्कर्षांपेक्षा शेवटची परिशिष्टे आणि संदर्भसूची आधी पाहा, कारण दुसऱ्याने वापरलेली प्रश्नावली आणि त्याला सापडलेले अप्रकाशित अहवाल यांचा तुम्हाला अधिक उपयोग आहे.

लेख पैशांशिवाय उघडत नाहीत ही तुमची तक्रार योग्य आहे, पण परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या शिक्षणसंस्थांना खुली झाली आहेत. तुमचे महाविद्यालय सरकारी असेल तर ते या यादीत आहे का हे ग्रंथपालांना विचारा. खासगी अनुदानित असेल तर इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘एन-लिस्ट’चे, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या नियतकालिक-सेवेचे, सदस्यत्व आहे का ते पाहा. गोवा विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी झाली की ताळगाव पठारावरील विद्यापीठ ग्रंथालयाच्या सेवा तुम्हाला मिळतील, तेव्हा नोंदणीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचे ओळखपत्र आणि घरून वापरण्याचा प्रवेश-परवाना करून घ्या. तोपर्यंत जेस्टोर या नियतकालिकांच्या संगणकीय संग्रहावर व्यक्तिगत नाव नोंदवून दर तीस दिवसांत शंभर लेख पडद्यावर वाचता येतात, आणि ‘अनपेवॉल’ हे साधन ब्राउझरला जोडले तर लेखाची कायदेशीर मोफत प्रत कोठे असेल ती आपोआप दाखवते. अर्थशास्त्रात बहुतेक लेख छापण्याआधी कार्यनिबंधाच्या रूपात फिरतात, त्यामुळे शीर्षकाने शोधले की जुने रूप बहुधा मिळते. मात्र उद्धृत करण्यापूर्वी छापील आवृत्तीशी ताडून पाहा, कारण मधल्या काळात आकडे बदललेले असू शकतात. हल्ली विद्यार्थी संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भसूची मागतात. अशा सूचीत अस्तित्वातच नसलेले लेख असू शकतात, म्हणून जो लेख तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला नाही तो सूचीत घालू नये.

खाणींच्या इतिहासावर एक प्रकरण लिहिणार असाल तरच पुढचे श्रम घ्या. पोर्तुगीज काळात खाणी सवलतपत्रांवर (कन्सेशन) दिल्या गेल्या आणि १९८७ च्या कायद्याने ती सवलतपत्रे रद्द करून त्यांना खाणपट्टे ठरवले. या पार्श्वभूमीशिवाय २०१४ आणि २०१८ चे निकाल समजत नाहीत. ते निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि ते मूळातून वाचा, वृत्तपत्रातील सारांशावर भागवू नका. मुक्तीनंतरच्या अर्थव्यवस्थेचे पहिले सलग चित्र राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या १९६४ च्या गोवा, दमण व दीवच्या तंत्र-आर्थिक सर्वेक्षणात आहे. पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना १८३२ ची, त्यामुळे पोर्तुगीज काळातील छापील सामग्री आणि गोव्यातील जुनी वृत्तपत्रे शोधण्यासाठी तेच पहिले ठिकाण. पुराभिलेख संचालनालय, पर्वरीचे झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र आणि विद्यापीठ ग्रंथालयातील पिसुर्लेकर संग्रह ही त्यानंतरची ठिकाणे. १९५८-५९ च्या सुमारास पोर्तुगीज रुपयाच्या जागी एस्कुदो आले हे लक्षात ठेवा, नाहीतर त्या काळातील निर्यातीच्या मूल्यांची मालिका विनाकारण उसळलेली दिसेल.

मध्यवर्ती ग्रंथालयात ‘नवप्रभा’, ‘गोमन्तक’, ‘तरुण भारत’ यांचे बांधीव अंक पाहाल तेव्हा त्यांतून आकडे घेऊ नका, घटनाक्रम घ्या. कोणत्या गावात कोणत्या दिवशी ट्रक थांबले, पहिला मोर्चा केव्हा निघाला, कोणत्या पंचायतीने कोणता ठराव केला, हे तेथेच सापडते, आणि तुमच्या प्रश्नावलीतील ‘तेव्हा तुम्ही काय करत होता’ या प्रश्नाला नेमकी तारीख जोडता येते. ग्रंथ शोधताना ‘गोवा’ एवढेच पाहू नका: ड्युई दशांश वर्गीकरणात खनिज उद्योगाची पुस्तके ३३८.२ या वर्गांकाखाली, कामगारांविषयीची ३३१ खाली आणि सार्वजनिक वित्ताची ३३६ खाली असतात, आणि गोव्यावरची पुस्तके या सगळ्या कपाटांत विखुरलेली आहेत.

शेवटची सूचना नोंदींविषयी आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. सरकारी संकेतस्थळे बदलतात, जुने अहवाल काढले जातात, राज्य उत्पन्नाचे अंदाज तीन-तीनदा सुधारले जातात. म्हणून उतरवून घेतलेल्या प्रत्येक तक्त्याची मूळ प्रत न बदलता वेगळी जपून ठेवा, तिच्या नावात प्रकाशक, वर्ष आणि उतरवल्याची तारीख घाला, आणि अंदाज तात्पुरता आहे, सुधारित आहे की अंतिम, हे शेजारी लिहा. संदर्भांसाठी ‘झोटेरो’ हे मोफत साधन पुरेसे आहे, देवनागरी नोंदीही त्यात नीट राहतात. विषयाचा आराखडा विद्यापीठाला सादर करण्यापूर्वी तारखांचे ते दोन स्तंभ आणि गावांची यादी घेऊन पर्वरीच्या संचालनालयात एकदा जाऊन या. गावनिहाय काय मिळू शकते आणि काय नाही हे तेथे कळल्यावर तुमच्या शीर्षकातील ‘उत्पन्न’ हा शब्द ठेवायचा, की ‘रोजगार आणि कर्ज’ एवढ्यावर अभ्यास बेतायचा, हे ठरवता येईल.